मार्करची बॅग

४ फेब्रुवारी

पोचलो एकदाचे! गाडी मी चालवली आणि रस्ता ढब्बूने चुकवला, म्हणजे कामाची वाटणी अगदी बरोबर झाली. खोली पहिल्या मजल्यावर आहे. दोन पलंग, एक किटली, खिडकीतून पार्किंग दिसतं. नळाला गरम पाणी आहे, मला एवढं बास.

ढब्बू म्हणजे माझा धाकटा भाऊ. फलकावर त्याचं चांगलं भारदस्त नाव लिहितात, पण लहानपणी गालच असे होते की ढब्बू हे नाव पडलं आणि वाळून काटकी झाला तरी सुटलं नाही. या मोसमात तो या भागातल्या व्यावसायिक गोल्फ दौऱ्यावर खेळणार. दर आठवड्याला नवं गाव, नवं मैदान. मोसमाअखेर पहिल्या पाचांत आला तर मोठ्या दौऱ्यावर जागा, नाहीतर मामाच्या हार्डवेअरच्या दुकानात बसायचं, असं घरी ठरलंय. बॅग उचलायला कॅडी म्हणून मी.

हे गेले त्याला वर्ष झालं. तेव्हापासून मी नुसती बसून असते, रडतही नाही, म्हणून घरच्यांनी मला ढब्बूबरोबर पिटाळलं. आईने निघताना बजावलं, हरला तर हरू दे, पण पोरगा हसतखेळत घरी परत आण. मी म्हटलं, आणते की, तो काय हरवायची वस्तू आहे!

८ फेब्रुवारी

खांदे मोडलेत. कॅडीने काय करायचं नाही हेच फार आहे. कुणी फटका मारताना बोलायचं नाही, हलायचं नाही, आपली सावली त्याच्या चेंडूवर पाडायची नाही. मी म्हटलं, अरे खेळताय ना, ऑपरेशन तर नाही करत? ढब्बू भडकला. तो फटका चुकला की हातमोजा आपटतो, स्वतःलाच ‘गाढवा, गाढवा’ करतो आणि पुढच्या मिनिटाला माझ्या डब्यातलं पळवतो.

दोन दिवस झाले की खालचे निम्मे खेळाडू घरी पाठवतात. राहिलेल्यांत सगळ्यात शेवटचा आमचा हिरो. उद्या जोड्याजोड्यांनी खेळायचंय आणि माणसं विषम, त्यामुळे शेवटच्याला जोडीदार नाही. अशा वेळी क्लब आपला एक सभासद देतो. त्याला मार्कर म्हणतात. तो बरोबर खेळतो, पण त्याचा खेळ कुठेच धरत नाहीत.

९ फेब्रुवारी

मार्कर बारीक, राखाडी स्वेटर, टोपी पार भुवयांपर्यंत. खेळतो मात्र झकास! चेंडू भोकाच्या अगदी तोंडाशी आणतो, आणि मग वाकून उचलून खिशात टाकतो. प्रत्येक वेळी. मी ढब्बूला विचारलं तर म्हणाला, तशी रीतच आहे. मार्करने शेवटचा टोला मारायचा नसतो, उगाच खऱ्या खेळाडूचा वेळ कशाला घालवायचा.

मला कसंसंच झालं. त्याची बॅगही त्याची त्यालाच न्यावी लागते. चढावर तो दमलेला दिसला म्हणून मी त्याची बॅग उचलली, एका खांद्यावर ढब्बूची, दुसऱ्यावर त्याची. तो म्हणाला, आजवर कुणी उचलली नव्हती. ढब्बूने डोळे वटारले, कॅडीला एकच बॅग असते म्हणे. असू दे. माणुसकी म्हणून काही आहे की नाही?

शेवटच्या भोकाशी तो वाकायला लागला तेव्हा मी हळूच म्हटलं, घाला की एकदा, कोण बघतंय! त्याने माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. मग चेंडू भोकात घातला. आत पडल्याचा आवाज आला तसा डोळे मिटून उभा राहिला. त्याच्यानंतर ढब्बूचा हातभरावरचा सोपा टोला चुकला. खोलीवर येईपर्यंत माझ्या नावाने शंख चालला होता.

१६ फेब्रुवारी

नवं गाव, नवा क्लब. पुन्हा माणसं विषम, पुन्हा ढब्बू शेवटचा, आणि मार्कर तोच! मी म्हटलं, अहो, तुम्ही इथेही? तो नुसता हसला. सुरुवातीला नावं पुकारणारे गृहस्थ म्हणाले, हे आमच्या क्लबचे जुने सभासद, दुसऱ्या कुठे कशाला जातील. ढब्बूचं म्हणणं, ताई, तुला टोपीतली सगळी माणसं सारखीच दिसतात. असेल बाई.

त्याने बॅग आणून माझ्यापाशी ठेवली. आता एकदा उचलली ती नाही कशी म्हणायची? उचलली. ढब्बू आज बरा खेळला.

२ मार्च

ढब्बू वर सरकलाय. आता तो शेवटचा नाही, म्हणजे मार्करचा प्रश्नच नव्हता. पण सकाळी त्याच्या जोडीदाराचा पाय मुरगळला, आणि राखाडी स्वेटर घालून हा उभा.

ढब्बू आता चिडत नाही. चेंडू पाण्यात गेला तरी चेहरा हलत नाही, लांबून सरळ भोकात गेला तरी नाही. मी विचारलं, बरं नाही का रे? म्हणाला, ताई, छान वाटतंय, काहीच वाटत नाही. मला ते माहीत आहे. त्याला छान म्हणत नाहीत.

मार्करचा एक फटका चुकला. त्याने हातमोजा आपटला आणि स्वतःला गाढव म्हणाला. दोनदा. ढब्बूने वळूनही पाहिलं नाही.

१७ मार्च

दुसरा क्रमांक. लोक येऊन हात मिळवून गेले. ढब्बूने हात पुढे केला, एवढंच. आईचा फोन आला तेव्हा हो, बरं, हो. आईने मला विचारलं, आजारी आहे का गं तो?

ताट तसंच सरकवतो. माझ्या डब्याला हात लावत नाही. आज मार्करने न विचारता माझं सँडविच उचललं आणि खाल्लं. खाताना हसला. त्याचे गाल भरलेत.

मला राग यायला हवा होता.

२५ मार्च

ठरवून गेले होते की मार्करची बॅग उचलायची नाही. चढाखाली तशीच ठेवून पुढे निघाले. झाडांपाशी पोचले आणि खांदा बघितला तर बॅग त्याची. ढब्बूची बॅग ढब्बूने स्वतः घेतलेली. मुकाट चालत होता, मागून.

मी ती कधी उचलली? आठवत नाही.

जेवताना ढब्बूला म्हटलं, घरी जाऊ. मामाचं दुकान काय वाईट आहे? ऐकतोयस का? त्याने मान हलवली. एकच स्पर्धा राहिली म्हणाला. त्याच्या आवाजात काहीच नव्हतं, रेल्वेत स्टेशनचं नाव पुकारतात तसा.

२६ मार्च

इथल्या क्लबच्या नावं पुकारणाऱ्या गृहस्थांना सांगितलं, आम्हाला हा मार्कर नको. ते हसले. ताई, मार्करचं काय मनाला लावून घेता, त्याच्याकडे कुणी बघतसुद्धा नाही.

५ एप्रिल

शेवटची स्पर्धा. मोसमाच्या यादीत ढब्बू चौथा. उद्या निकाल.

उद्याच्या जोडीदाराला ताप आलाय.

मी म्हटलं खेळू नकोस. हात धरला त्याचा. थंड. म्हटलं, रड, ओरड, मला शिव्या दे, काहीतरी कर रे. तो म्हणाला, बरं. आणि तसाच बसून राहिला.

६ एप्रिल

दुपार. गाडीत बसून लिहितेय. लिहिलं की डोकं ताळ्यावर राहतं —

शेवटचं भोक. ढब्बूचा चेंडू वीतभर लांब. तो टोला गेला की पाचांत. लोक गोळा झालेले. सगळे गप्प.

ढब्बू पुढे झाला. वाकला. चेंडू उचलला. खिशात टाकला.

ओरडायचं होतं. पण कुणी खेळायच्या बेतात असताना बोलायचं नसतं. मी बोलले नाही. मी —

मार्करने टोला मारला. आत. टाळ्या. क्लबच्या गृहस्थांनी त्याला मिठी मारली, ढब्बूचं भारदस्त नाव घेऊन. फलकावर तेच नाव. एकालाही काही चुकल्यासारखं वाटलं नाही.

तो धावत माझ्याकडे आला. ताई, जमलं गं! गळ्यात पडला. ऊन ऊन अंग. रडत होता आनंदाने. माझा हात त्याच्या पाठीवरून फिरला. मी फिरवला नाही — फिरला.

थोड्या वेळाने

आईचा फोन. तिला सांगणार होते. त्याने माझ्या हातातून घेतला. खूप बोलले दोघं. शेवटी आई मला म्हणाली, किती दिवसांनी हसला गं पोरगा, जिवात जीव आला बघ. लवकर या.

मी हो म्हटलं.

तो शेजारी बसलाय. माझा डबा मांडीवर. खातोय.

ढब्बू फाटकापाशी. राखाडी स्वेटर. त्याच्याकडे असला स्वेटर नव्हता. बॅग त्याच्याच खांद्यावर. काच खाली करून हाक मारली — ढब्बू!

शेजारचा म्हणाला, काय गं?

फाटकापाशी कुणी वळलं नाही.

उतरायचं. त्याचा हात धरायचा. मागच्या सीटवर बसवायचं. आई बघेल, आईला कळेल — नाहीच कळलं तर? उतरायचं. एवढंच. पाय हलत नाही. रडू यायला हवं. येत नाही.

आता ढब्बू काचेपाशी आलाय. वाकून बघतोय. मी कोण हे त्याला — नाही. नाही कळलेलं. अदबीने विचारतोय, मॅडम, क्लबचं ऑफिस कुठे आहे, आज कुणाला मार्कर लागणार आहे का.

शेजारच्याने माझ्यावरून हात लांबवला, काच वर केली. किल्ली फिरवली. चल ताई, आई जेवायची थांबलीय.

ढब्बू मागे सरकला. सावली पडू नये म्हणून.

मी दार उघडते. उघडतेच आता. माझा हात दारावर आहे की गिअरवर ते मला