दुसऱ्या पाळीचा चहा

प्रिय बारक्या,

पन्नाशी ओलांडलीस तरी मी तुला बारक्याच म्हणणार, आज तर नक्कीच. नव्या दुकानाच्या भिंतीवर लावायचा मजकूर मिळाला. शुद्धलेखन तेवढं बघ म्हणालास. बघितलं. शुद्धलेखनाची एकही चूक नाही, बाकी सगळं चूक आहे. हे फोनवर सांगायचा तीनदा प्रयत्न केला. दोनदा तू मीटिंगमध्ये होतास आणि तिसऱ्यांदा नंतर बोलू म्हणून फोन ठेवून दिलास. म्हणून कागद घेऊन बसले आहे. कागदाला मीटिंग नसते.

शंभर वर्षांपूर्वी आमच्या आजोबांनी राजवैद्यांकडून मिळवलेली मसाला चहाची गुप्त कृती, असं तू लिहिलं आहेस. अरे, आजोबा शिंपी होते. चहाने त्यांना पित्त व्हायचं. माणूस जन्मभर गरम पाणी प्यायला आणि दुसऱ्याच्या हातात कप दिसला तरी नाक मुरडायचा. मजकुराशेजारी त्यांचा जो फोटो टाकलास, त्यात त्यांच्या गळ्यात मोजपट्टी होती, ती तेवढी तू शिताफीने कापून टाकलीस. आता ते खरंच वैद्य दिसतात. मी कपाळाला हात लावला. दुकानात आईचा फोटो का लावत नाहीस असं मागे एकदा विचारलं होतं, तेव्हा म्हणालास, ताई, गिऱ्हाइकाला जुनं आवडतं, आणि आईपेक्षा आजोबा जुने. आईच्या टपरीवर बाकाखाली गोट्या खेळत मोठा झालास तू. तुला माहीत नाही असं थोडंच आहे?

पण टपरीच्या आधीचं तुला खरंच माहीत नाही, आणि त्याला कारण मी आहे. बाबा गेल्यावर आईला त्यांच्याच कारखान्याच्या कँटीनमध्ये चहा करायचं काम मिळालं. चहा कंपनीनेच कारखान्यांना पटवलं होतं की मधल्या सुट्टीत चहा दिला की माणसं जास्त काम करतात. भिंतीवर त्यांचा तक्ता टांगलेला असायचा. पाणी एकदाच उकळा, पत्ती किटलीत टाका, पाच मिनिटं झाकून ठेवा, दूध वरून घाला, चहा कधीही उकळू नका. पत्ती मात्र मिळायची पहिल्या पाळीला जेमतेम पुरेल एवढी. दुसऱ्या पाळीच्या माणसांच्या वाट्याला पिवळं पाणी यायचं. आईला ते बघवेना. तीही माणसंच आहेत, तोंड धुवायचं पाणी काय पाजायचं त्यांना, असं ती घरी चिडून म्हणायची. मग तिने तक्त्याकडे पाठ केली. उरलेली पत्ती आणि दूध एकाच पातेल्यात टाकून खळखळा उकळायला लागली. त्यात ठेचलेलं आलं, चार मिरे. कोपऱ्यावरचा मिठाईवाला वेलदोड्याचे दाणे काढून सालं फेकून द्यायचा. ती मागून आणायची, वाळवायची आणि खलबत्त्यात कुटून पत्र्याच्या डब्यात भरायची. हाच तुझा राजवैद्य. महिनाभरात पहिल्या पाळीची माणसं दुसऱ्या पाळीत बदली मागायला लागली.

मग चहा कंपनीचा तपासनीस आला. मी अकरा वर्षांची होते, शाळा सुटली की तिथेच असायचे. तू आतल्या खोलीत पोत्यावर झोपला होतास. त्याने घोट घेतला, थांबला आणि माझ्याकडे बघून गोड आवाजात विचारलं की एवढा छान वास कशाचा? आई पाणी आणायला गेली होती. मला कोण अभिमान वाटला. मी फळीखालचा डबा काढला, झाकण उघडून त्याच्या नाकाखाली धरला आणि सालं कुठून आणतो तेसुद्धा सांगितलं. त्याने वहीत लिहिलं, पत्तीत भेसळ. आठवड्यात आईचं काम गेलं. डबा कोणी दाखवला हे तिने आजपर्यंत विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. आज पहिल्यांदा सांगते आहे, तेही तुझ्यावर चिडले आहे म्हणून.

पुढचं तुला ठाऊक आहे. तिने फाटकासमोर शेगडी मांडली, सुट्टीत माणसं फाटकाबाहेर यायला लागली आणि कँटीनची किटली आत थंड व्हायला लागली. पंधरा वर्षांनी त्याच कंपनीने मसाला चहाचं पाकीट काढलं, वर राजवाड्याचं चित्र. आई ते हातात घेऊन खूप हसली होती. परक्यांनी केलं तेव्हा हसता आलं रे. पोटच्या पोराने तेच केलं तर कसं हसायचं?

तुझा मजकूर मी तिला फोनवर अक्षरं मोठी करून दाखवला. बोट ठेवून तिने सगळा वाचला आणि एवढंच म्हणाली की मामंजींचा फोटो छान आलाय. मला वाटलं, सुटले. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने किटलीत पत्ती टाकली, पाच मिनिटं झाकून ठेवली आणि दूध वेगळ्या भांड्यात गरम करून वरून घातलं. अगदी तक्त्याप्रमाणे. आलं नाही, मिरे नाहीत, काही नाही. आज आठ दिवस झाले, रोज तसाच. खलबत्ता धुऊन तिने फळीवर पालथा घातला आहे. रविवारी उद्घाटनाला ती पहिल्या रांगेत बसेल, टाळ्याही वाजवील, तुला एका शब्दाने बोलणार नाही. म्हणून मी बोलते आहे. एकदा तोंड उघडून मी तिचं काम घालवलं. आता तोंड मिटून तिचं नाव घालवणार नाही. तो मजकूर लावू नकोस. तिचं नाव लिही, कँटीन लिही, फेकलेली सालं लिही आणि दुसरी पाळी लिही. आणि त्याआधी घरी ये. काल न राहवून मी तिला म्हटलं, आई, आपला नेहमीचा चहा कर ना. तर माझ्याकडे न बघता म्हणाली, मामंजींचा चहा मला कुठे येतो गं.

तुझीच, या वेळी गप्प न बसणारी,
ताई