दूध आणायला जा, परत येऊ नको

माय, तुला जाऊन येत्या पावसाळ्यात आठ वर्षं होतील. मी आता धुळ्याला असते, देवपूरमध्ये. इथल्याच एका शाळेत मुलींना फुटबॉल शिकवते. मागच्या वर्षी खेळणं सोडलं. उजव्या गुडघ्याचं दोनदा ऑपरेशन झालं, तिसऱ्यांदा डॉक्टर नुसते माझ्याकडे बघत राहिले, तेव्हा मीच उठले. खोलीची मालकीण म्हातारी आहे, रोज एकदा तरी विचारते, "एकलीच शे का व माय?" मी म्हणते, हो, एकटीच. मग ती वाटीभर भाजी आणून देते. तुझ्या हातची चव नाही त्या भाजीला, पण मी खाते. बारा वर्षं मेसचं जेवलेल्या माणसाला कुणी वाटी झाकून आणून दिली की बरं वाटतं.

मी गेल्या महिन्यात रावेरला जाऊन आले. तुझ्या धाकटीकडे. आखाजीच्या सणाला. तिथून आल्यापासून तुझ्याशी बोलायचं आहे आणि बोलायला जागा सापडत नाही, म्हणून ही वही काढली आहे.

त्या सकाळपासून सुरुवात करते, कारण माझ्यासाठी सगळं तिथूनच सुरू होतं. रावेरची मंडळी मला बघायला येणार होती. त्यांची केळीची शेती होती, ट्रॅक्टर होता, मुलगा शिकलेला होता, आणि आबांनी दोन महिने आधीच शब्द दिला होता. माझ्या हातात मात्र क्लबचं पत्र होतं, दक्षिणेतल्या एका मोठ्या शहराचं. सोमवारपर्यंत हजर व्हायचं. मी ते आबांना दाखवलं तेव्हा त्यांनी उलटसुलट करून पाहिलं आणि म्हणाले, "चड्डी घालून पळाले पगार देतात? आपल्या लोकांत हे सांगू कसं मी?" ते ओरडले नाहीत, म्हणूनच मला कळलं की आता काही होणार नाही.

तू पोह्यांसाठी कांदा चिरते आहेस. तुझ्या लुगड्यावर केळीच्या चिकाचे डाग आहेत, पॅकिंगच्या शेडवर वर्षानुवर्षं फण्या धुतल्याचे ते काळपट डाग, जे कुठल्याही साबणाने गेले नाहीत. धाकटी कोपऱ्यात बसून साडी इस्त्री करते आहे. साडी माझ्यासाठी काढलेली आहे, हिरवी, जरीच्या काठाची. मी भिंतीला टेकून उभी आहे. तू वर न बघता म्हणालीस, "बॅग गोठ्यात ठेवली आहे, कडब्यामागे. दूध आणाले जाय, अन् परत येऊ नको."

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. धाकटीनं हातातला काठ इस्त्री करून संपवला. ती उठली, दुधाची बरणी माझ्या हातात दिली आणि पुन्हा खाली बसली. ती एकोणीसची होती. तिला नर्सिंगला प्रवेश मिळाला होता. मी तिच्याकडे पाहिलं, साडीकडे पाहिलं, आणि आता ही साडी कोण नेसणार, एवढंच विचारायचं होतं मला. विचारलं नाही. कडब्यामागून बॅग काढली, बरणी तिथेच ठेवली, आणि मागच्या वाटेनं केळीच्या बागेतून रस्त्यावर आले.

यावलच्या बसस्टँडवर भुसावळची गाडी लागली होती. मी खिडकीशी बसले आणि समोर आबा दिसले. हातात पेढ्यांचा पुडा, नवं धोतर. पाहुण्यांसाठी पेढे घ्यायला ते सकाळीच यावलला आले होते, हे मी विसरूनच गेले होते. ते बसच्या अगदी जवळ उभे राहून कुणाशी तरी बोलत होते. मी ओढणी डोक्यावरून घेतली, बॅगेवर डोकं टेकवलं. ड्रायव्हर येईना. कंडक्टर चहा पीत होता. मग आबा वळले आणि खिडकीकडे बघितलं, सरळ. किती वेळ, सांगता येणार नाही. नंतर त्यांनी पुडा या हातातून त्या हातात घेतला आणि गावाकडच्या गाडीकडे चालायला लागले. त्यांनी मला पाहिलं की नाही, हे मला अजून ठाऊक नाही. त्यानंतर दोन वर्षं ते माझ्याशी बोलले नाहीत, आणि बोलायला लागले तेव्हा मी विचारलं नाही.

आठ दिवसांनी धाकटीचा फोन आला. मी हॉस्टेलच्या व्हरांड्यात बसून बुटांचा चिखल काढत होते. ती म्हणाली, "अक्का, त्यांनी मले पसंत केलं."

"म्हणजे?"

"तू नव्हती, मग मायनं मले बसवलं. ते हो म्हणाले."

"तुला करायचं आहे का?"

तिच्या मागे कुणीतरी घमेलं आपटलं. मग ती हळूच म्हणाली, "मले भीती वाटून राहिली. तू घरी आली तर मी नाही म्हणू शकते. आबा म्हणतात, एकीनं तरी त्यांचा शब्द ठेवला पाहिजे."

रविवारी माझी पहिली मॅच होती. अकरा जणींत माझं नाव लागलं होतं, सेंटर बॅक म्हणून, बचावात. मी म्हणाले, "रविवारी मॅच आहे. सोमवारी फोन करते." ती म्हणाली, "बरं." सोमवारी मी फोन केला नाही. मंगळवारीही नाही. बुधवारी तू फोन करून सांगितलंस की सुपारी फुटली. तुझ्या आवाजात काहीच नव्हतं, ना राग, ना आनंद. मी विचारलं, "ती कशी आहे?" तू म्हणालीस, "जेवते, झोपते."

लग्नाला मला तीन दिवसांची सुटी मिळाली. मे महिन्याचं ऊन, मांडवाखालची जमीनसुद्धा तापलेली. धाकटी हळदीनं पिवळी होऊन पाटावर बसली होती आणि मला बघून हसली. त्या हसण्यानं मला आवरेना. मी मांडवामागे जाऊन रडायला लागले. तू आलीस, माझा दंड धरलास आणि जिथे कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्यांवर भरिताची वांगी भाजत होती तिथे मला नेऊन उभं केलंस, म्हणजे कुणी पाहिलं तर धुरानं डोळे लाल झाले म्हणता येईल. म्हणालीस, "डोळे पूस. इथं रडाले तुले बोलावलं नाही. तू रडून मोकळी होशील, अन् ते तिले पाहावं लागेल. घेतलं ना? मग जे घेतलं ते नीट वापर." तुझी बोटं माझ्या दंडावर दोन दिवस उमटलेली होती.

मी नीट वापरलं, माय. निदान तसं मी स्वतःला सांगत आले. पहाटे उठून पळायचे, उरलेल्या वेळात पाय बर्फात. घरचे कुठलेच सणवार राहिले नाहीत. आखाजीला गावातल्या लेकी माहेरी येतात, झोके बांधतात, आणि दरवर्षी त्याच सुमारास आमचे सामने. तू दोनतीनदा विचारलंस, मग विचारणं सोडलंस. धुळ्याला माझ्याबरोबर कॉलेजात असलेला एक जण होता, तुला कधी सांगितलं नाही. त्यानं दोन वर्षं वाट बघितली. मी दर वेळी म्हणायचे, एवढा एक सीझन. तिसऱ्या वर्षी त्यानं लग्नाची पत्रिका पाठवली, आणि मी ती किटबॅगच्या खालच्या खणात ठेवून सरावाला गेले. पहिल्यांदा गुडघा गेला तेव्हा इंजेक्शन घेऊन खेळले, कारण माझ्या जागेवर बसायला एक केरळची मुलगी तयार होती आणि ती माझ्यापेक्षा चार वर्षांनी लहान होती. मला तिचा राग यायचा. ती फार चांगली मुलगी होती.

या सगळ्यात मी धाकटीकडे जात नव्हते. फोनवर दोन मिनिटं बोलायचे. तिच्या पहिल्या मुलीच्या बारशाला गेले नाही. मी स्वतःला सांगायचे की कुठल्या तोंडानं जाऊ. ऐकायला ते चांगलं वाटतं.

मग तुझं पोट दुखायला लागलं आणि ते किती दिवस दुखत होतं हे तू कुणाला सांगितलं नाहीस. जळगावच्या दवाखान्यात तुला ठेवलं तेव्हा डॉक्टरांच्या हातात फारसं काही राहिलं नव्हतं. मला दोन सामन्यांच्या मधे दीड दिवस मिळाला. मी आत आले तर धाकटी तुझ्या सलाइनची सुई नीट करत होती. तिचं नर्सिंग नुकतंच पूर्ण झालं होतं, आणि तिचे हात इतके शांत होते की मी दारातच थांबले. तू इतकी लहान झाली होतीस. मला बघून म्हणालीस, "किती गोल केले?"

मी म्हणाले, "मी गोल करत नाही, माय. मी अडवते."

"म्हणजे आडवी पडते."

"हो."

तू हसलीस, मग तुला कळ आली. ती ओसरल्यावर माझ्याकडे बघत राहिलीस आणि विचारलंस, "सुखी आहेस ना वं पोरी?"

धाकटी पलीकडे उभी होती, नाडी मोजत. तिच्या हाताला घरकामाचे चरे होते, गळ्यात मंगळसूत्र होतं जे माझ्या गळ्यात असायचं होतं. तिच्यासमोर हो कसं म्हणू? मी म्हणाले, "कसलं सुख, माय. चाललंय आपलं." तू मान खिडकीकडे वळवलीस. मी संध्याकाळच्या गाडीनं निघाले, आणि नऊ दिवसांनी तू गेलीस.

आता गेल्या महिन्याचं. आबा धाकटीकडेच असतात, त्यांना आता कमी ऐकू येतं. तिचं घर केळीच्या बागेला लागून आहे, ती ग्रामीण रुग्णालयात आहे, लोक तिला सिस्टर म्हणून रस्त्यात थांबवतात. पहिले दोन दिवस आम्ही खायचं काय, झोपायचं कुठे एवढंच बोललो. तिसऱ्या दिवशी दुपारी ती पुरणासाठी डाळ शिजवत होती आणि मी तिला म्हणाले, "तू माझ्या जागी बसलीस, ते मी कधी विसरले नाही."

तिनं गॅस बंद केला. "मग आली काबरं नाही?"

"कुठल्या तोंडानं येऊ?"

"त्याच तोंडानं. दुसरं आहे का तुले?" ती चिडली होती, आवाज न चढवता, अगदी तुझ्यासारखी. "तुले वाटते मले ढकललं. मायनं मले पाहुणे यायच्या आदल्या दिवशीच विचारलं होतं. मी म्हणलं, नर्सिंग पूर्ण करू देतील तर बसते. माय स्वतः इथं येऊन माझ्या सासऱ्याकडून सगळ्यांसमोर कबूल करून गेली. फोन केला तेव्हा मी घाबरली होती, हे खरं. तू ये म्हणलं, ते खरंच म्हणलं. पण तू आली नाही, याचा राग दोन वर्षांत गेला. त्यानंतर तू आलीच नाही, याचा नाही गेला. दुसऱ्या बाळंतपणात मले माय नव्हती, बहीण होती, अन् ती मनाला लावून घेऊन लांब बसली होती."

डाळीची वाफ खाली बसली तशी तिनं ती चाळणीत उपसली. मग ती म्हणाली, "आणखी एक आहे. तू दवाखान्यातून गेली ना, त्या रात्रीपासून माय मले विचारायची, 'चुकलं का वं माझं? एकीले पाठवलं ती सुखी नाही, दुसरीले बसवलं ती सुखी आहे का, हे विचारायची हिंमत नाही.' मी सांगायची, मी बरी आहे. तिचा विश्वास नव्हता बसत. शेवटपर्यंत तेच."

हे ऐकल्यापासून मी धड झोपलेली नाही.

माय, मी खोटं बोलले होते. मी सुखी होते. दवाखान्यात तुला भेटायला आले, त्याआधीच्या सामन्यात मी शेवटच्या मिनिटाला गोलरेषेवरून बॉल काढला होता आणि सगळ्या मुली माझ्या अंगावर पडल्या होत्या, आणि तोंडात माती गेली होती, आणि मला वाटलं होतं की यापेक्षा जास्त काही नको. असं एकदा नाही, अनेकदा वाटलं. तू पाठवलंस ते वाया गेलं नाही. तेवढं एक वाक्य तुला हवं होतं, आणि मी धाकटीसमोर बरी दिसावी म्हणून ते दिलं नाही.

त्या दुपारी हे धाकटीला सांगता आलं असतं. ती समोरच होती, माझ्या बोलण्याची वाट बघत होती. मी म्हणाले, "पुरण मी वाटते," आणि तिच्याकडे पाठ केली. निघताना तिनं मला स्टँडवर सोडलं, गाडी सुटेपर्यंत थांबली, तेव्हाही बोलले नाही. तुला लिहिणं सोपं आहे, माय. तू उलटून काही विचारणार नाहीस, म्हणूनच तुला लिहिते आहे, तिला नाही.