पारदर्शकता प्रमुखांची रजा

४ एप्रिल, शुक्रवार
इथे गल्फमध्ये, अदलियात, आमच्या मराठी मंडळाची मीटिंग. वादळी. वसईजवळच्या एका खासगी बालगृहात अक्षता आणि तिचा धाकटा भाऊ परीक्षित या पोरक्या भावंडांचा खर्च आमचं मंडळ भरतं. बालगृहाने यंदा फी दुप्पट केली. का, कुणालाच ठाऊक नाही. प्रभावतीबाई (हॉस्पिटलच्या लॅबमध्ये असतात, माणसांकडेही सॅम्पलसारखं बघतात) म्हणाल्या, पैसा कशावर जातो ते कळलं नाही तर लोक देणं थांबवतील, आणि पोरं तिथून बाहेर पडतील. मी उठून गरजलो, पारदर्शकता पाहिजे! टाळ्या. एकमताने मी पारदर्शकता प्रमुख. मे महिन्यात रजेवर जातोच आहे, जातीने चौकशी करणार. लपवाछपवी खलास.

१२ एप्रिल, शनिवार
पदाला शोभतील अशी व्हिजिटिंग कार्डं छापली. बिल मंडळाला लावलं. काम मंडळाचंच आहे. बालगृहात फोन करून अक्षताला सांगितलं, हिलरीकाका भेटायला येणार. तिने विचारलं, नक्की ना? हल्लीची पोरं फार संशयी. बायकोने, म्हणजे फ्लोरीने, तिच्यासाठी स्केचपेनचा मोठा बॉक्स आणला, परीक्षितला रिमोटची गाडी.

३ मे, शनिवार. वसई.
पोचलो. उद्या बालगृह.

४ मे
रविवार. चर्चमध्ये मिस्सा, मग मटण, मग झोप. उद्या नक्की.

१० मे
पुतण्या हॅन्सेलचं लग्न दणक्यात. नातेवाइकांची पोरं मात्र चॉकलेटांपेक्षा जास्त निघाली. गल्फवाल्याने रिकामे हात दाखवायचे? नाक कापलं गेलं असतं. बॅगेत स्केचपेन होते, गाडी होती. दिली. बालगृहासाठी इथलंच काहीतरी घेईन. वसईत काय मिळत नाही?

१४ मे
ऊन फार. बालगृह तसं जवळच, रिक्षाने कधीही जाता येईल. म्हणूनच घाई नाही.

१७ मे, विमानात
निघण्याआधी बालगृहाच्या मॅनेजरला फोन केला. त्याने ब्रोशर पाठवलं, रंगीत. रोज दूध, योगा, पोहण्याचा तलाव. प्रत्यक्ष जाऊनही एवढी माहिती मिळाली नसती. लगेच रिपोर्ट लिहिला. शेवटचं वाक्य : 'मुलांना भेटून डोळे पाणावले.' लिहिताना खरंच पाणावले. म्हणजे खोटं नाही.

२३ मे, शुक्रवार
प्रेझेंटेशन. पहिल्या स्लाइडवर माझा फोटो. टाळ्या थांबल्यावर प्रभावतीबाई म्हणाल्या, छान, आता मुलांशीच बोलू या. आणि बालगृहात व्हिडिओ कॉल लावून आपला मोबाईल पडद्याला जोडला. हे अजेंड्यावर नव्हतं.

अक्षता दिसली. वेणी घातलेली. बाईंनी तलावाचं विचारलं. ती म्हणाली, अजून नुसता खड्डा आहे, फी त्यासाठीच वाढवली असं सर म्हणतात. दूध? रविवारी. मग बाईंनी तिला सांगितलं की हिलरीकाका तुम्हाला भेटून गेले, असं रिपोर्टात आहे.

ती गोंधळली. मग बाईंनी मोबाईल माझ्याकडे वळवला, तिला मी दिसलो आणि तिचा चेहरा एकदम उजळला. विचारलं, काका, तुम्ही आलात तेव्हा मी झोपले होते का? उठवायचं ना मला.

सगळे माझ्याकडे बघत होते. मी म्हणालो, हो, झोपली होतीस.

३० मे, शुक्रवार
पद रद्द. तेही एकमताने. व्हिजिटिंग कार्डं उरली आहेत. मुलांचा खर्च चालू राहणार, तलावाचे पैसे मात्र देणार नाहीत. बालगृहाशी आता बाईच बोलणार.

इथल्या मआमीर भागातल्या फॅक्टरीतला, मंडळातला आपला लहू रजेवर निघालाय, बालगृहात तोच जाणार. संध्याकाळी सनद भागात आमच्या घरी आला. मी नवे स्केचपेन आणि नवी गाडी आणून ठेवली होती, चमकत्या कागदात बांधून, वर रिबीन. लहूने ते पार्सल उलटंसुलटं करून पाहिलं. मग हळूच म्हणाला, हिलरीभाऊ, राग मानू नका, पण आतलं दिसेल अशा पिशवीत द्या.

फ्लोरी उठून स्वयंपाकघरात गेली आणि पिशवी घेऊन आली.