वहिनीचं आणि माझं एकच टपाल

तीर्थरूप ताईस धाकटीचा दंडवत (बसल्या खुर्चीतून). तुझी कंबर कशी आहे? भावोजींचा खोकला एव्हाना गेला असेल. मागच्या फोनवर तुझ्यापेक्षा तोच जास्त बोलला. इकडे सगळं ठीक. दादा पेपर वाचतो, मी आणि वहिनी पडदे शिवतो आणि भांडतो.

वहिनीच्या गुडघ्याचं तुला माहीतच आहे. दुकानाचा जिना चढताना ती प्रत्येक पायरीवर थांबून माझ्याकडे अशी बघते, जसा काही जिना मीच बांधलाय. परवा म्हणाली, "वन्सं, आता दुकान तुम्हीच बघा." मीही तोऱ्यात म्हटलं, बघते की! (ताई, आणि लगेच कात्री उलटी धरून कापायला लागले.) तेव्हाच ठरवलं, हिला घरबसल्या काम करता आलंच पाहिजे. कापड मी कापीन, गिऱ्हाइकांचं ईमेल तिने सांभाळावं.

पण दुकानाचा पत्ता एक आणि ईमेलचे प्रोग्रॅम दोन, तिचा घरी, माझा दुकानात. तिचा प्रोग्रॅम असा हावरट, की आलेलं पत्र सर्व्हरवरून, म्हणजे आमच्या सामाईक पेटीतून, उचलून थेट आपल्या पोटात. मला मागमूस नाही! दवाखान्याने पडद्यांचं विचारलं, तिला वाटलं मी उत्तर दिलं असेल, मला पत्रच दिसलं नाही, आणि त्यांनी पडदे दुसरीकडे शिवून घेतले. चूक कोणाची, यावर आम्ही दोघी बोललो ते दादाने पेपरामागून ऐकलं आणि पान उलटलं. शहाणा आहे.

मग मी पदर खोचला. दोन्ही प्रोग्रॅमना बजावलं, पत्रं आणि फोल्डरं सर्व्हरवरच राहतील, दोघींना सारखीच दिसतील. सांगायला काय जातं! तिच्या प्रोग्रॅममध्ये 'पाठवलेली' असं फोल्डर होतं, तर माझ्या प्रोग्रॅमने हट्टाने शेजारी 'रवाना' उघडलं (एका घरात दोन चुली). ते मिटवते तोच फोल्डरांच्या नावांवरून जुंपली. माझी नावं कापडावरून: जाळीचे, जाडे, अस्तराचे. तिची माणसांवरून: बरे, कटकटे, उद्या-देतो. मी म्हटलं, हे काय वर्गीकरण झालं? तर म्हणते, "कापड कधी फोन करून डोकं खातं का?" शेवटी तिचीच फोल्डरं ठेवली आणि माझी चुकून पुसली गेली असं सांगितलं. हरले म्हणणार नाही मी.

आणि आज जमलं! इथे मी एक पत्र 'कटकटे'त टाकलं, तिकडून वहिनीचा फोन, "दिसलं हो!" मी दुकानात एकटीच टाळ्या वाजवल्या.

तुझी,
धाकटी

ता. क. खरं काम आता सांगते. दुकान सोडायचं तिच्या डोक्यातून अजून गेलेलं नाही. तुझा शब्द ती मोडत नाही, तेव्हा फोन करून तिला थांबव. माझं नाव घेऊ नकोस. मला तिच्यावाचून दुकानात करमत नाही गं, पण तिच्या तोंडावर सांगायला जीभ रेटत नाही.

आणखी एक. चहा घेऊन येते, मग पत्र धाडते. तोवर दुकानाच्याच ईमेलात, न धाडलेल्या पत्रांच्या 'अर्धवट' फोल्डरात ठेवलंय. वहिनीला पत्ता लागायचा नाही.

ताई, नमस्कार. मी वहिनी, घरून. 'अर्धवट'ही आता दोघींचंच आहे, हे वन्संच्या ध्यानात आलेलं दिसत नाही. फोन करू नका. जिना सोडला, दुकान सोडत नाही. पत्र मीच धाडते आणि 'बरे'मध्ये ठेवते. आजवर वन्संचं सगळं 'कटकटे'त होतं.