घरचा माल

सोमवार, ३ जून

नोकरी पक्की झाली! मालकीणबाईंनी स्वतः जिना चढून येऊन सांगितलं आणि वरच्या खोलीची किल्ली हातावर ठेवली. धुतलेली गादी, ताजा रंग, मोठी खिडकी. ताईला फोन केला तर ती रडलीच. मागून भाऊजी म्हणाले, तुझ्या अंथरुणाची बॅग आपल्या जिन्याखालीच ठेवतो, महिन्याभरात परत येशील तेव्हा लागेलच. या वेळी परत जायचं नाही. काय वाटेल ते होवो.

खाली केसांच्या टोपांचा कारखाना. लांब टेबलाशी बायका, प्रत्येकीपुढे लाकडी डोकं, त्यावर जाळी. बारीक आकडीने एकेक केस जाळीत ओवून गाठ मारायची. दोन्ही हात अडकलेले, म्हणून पुढची बट ओठांत धरायची. मावशी रांगेतल्या सगळ्यांत जुन्या. त्या म्हणाल्या, देवाने हात दोनच दिले, तिसरा म्हणजे हे तोंड. तेवढीच बडबड कमी. सगळ्या हसल्या. ओठ न उघडता.

बुधवार, ५ जून

आज माल पाहिला. गोण्याच्या गोण्या गुंतवळ, कंगव्यांतली आणि मोऱ्यांच्या जाळ्यांत अडकलेली. त्यात कोंडा, लिखा, साबणाचा करडा चिकटा. एका गुंत्यात नखाचा तुकडा होता. हे सगळं हौदात उकळतात तेव्हा शिळ्या तेलाचा वास जिन्यावरून वर येतो आणि उशीत मुरतो. धुऊन झालं की हेच आमच्या ओठांत.

दुपारी डबा उघडला आणि तसाच बंद केला. मावशींनी पाठीवर हात फिरवला. गोणीतला माल स्वस्तातल्या टोपांचा, म्हणाल्या. उंची टोपांना घरचा माल लागतो, तो असा घाण नसतो. कुठून येतो, विचारलं. म्हणाल्या, आधी हात तर बसू दे, बयो.

शनिवार, ८ जून

आज मी मेले असं वाटलं. ओठांत बट होती, जिभेला तिचं काहीतरी बुळबुळीत लागलं आणि एकदम छाती आवळली. बोटांना मुंग्या, कानांत धडधड, टेबल लांब लांब जायला लागलं. घाबरून जोरात श्वास ओढला, त्याबरोबर बट आत गेली. मोरीत जाऊन ओकले. बट निघाली. सगळी निघाली का?

घशात एक केस आहे.

मंगळवार, ११ जून

डॉक्टरीणबाईंनी हृदय तपासलं, घशात उजेड टाकून पाहिलं. दोन्ही ठीक. हा पॅनिक अटॅक, म्हणाल्या. अंगाला वाटतं वाघ मागे लागलाय. वाघ नसतो, पळण्याची तयारी मात्र खरी असते. झटका चढतो, शिगेला पोचतो, ओसरतो. त्याने कुणी मरत नाही. हवा गटागटा ओढायची नाही. श्वास घेतला त्याहून सावकाश सोडायचा. पाय जमिनीवर टेकवायचे, समोर दिसेल त्याची नावं घ्यायची, जागा सोडून पळायचं नाही. आणि घसा सारखा चाचपायचा नाही, त्याने भीतीच पोसली जाते.

केस खरंच असला तर? त्या हसल्या. झटका ओसरला की तोही जाईल. नाही गेला तर या.

शुक्रवार, १४ जून

झटका आला आणि मी जागची हलले नाही! श्वास सोडला, लांब, सावकाश. आकडी. जाळी. लाकडी डोकं. मावशींची बांगडी. ओसरला. आनंदाने रडू आलं. मावशी म्हणाल्या, छान सोडतेस गं श्वास, आम्हाला शिकायला किती दिवस लागले; धाप लागली की तुटतो. काय तुटतं, ते विचारायचं राहिलं.

सकाळी काम सुरू व्हायच्या आधी सगळ्या एकदम घसा खाकरतात. ओला, ओढल्यासारखा आवाज. मला शिसारी येते.

सोमवार, १७ जून

छाती शांत. हात गरम. झटका नाहीच. भीती गेली.

केस आहे.

बुधवार, १९ जून

बोट घातलं. टोक लागलं. ओढलं – काळा, बुळबुळीत, पित्ताचा वास. माझे केस पिंगट आहेत. ओढत राहिले, संपेना. मग अडला. पुन्हा ओढला तर आत दुखलं. डोक्यावरचा केस ओढल्यावर दुखतं, अगदी तसं.

त्याने मूळ धरलंय.

गुरुवार, २० जून

दवाखान्यात निघाले होते. जिन्यात मावशी. म्हणाल्या, आ कर. पाहिलं आणि हरखल्या. रेशीम आहे गं, कात्री लावू नकोस, वाया जाईल. मग त्यांनी आपलं तोंड उघडलं. जिभेच्या मागे – जाड, काळी, नीट विंचरलेली –

ताईला फोन केला. भाऊजींनी उचलला. काय, काढू का बॅग? हो म्हणायचं होतं. नुसती खाकरले. त्यांनी ठेवून दिला.

शुक्रवार, २१ जून

श्वास आत. लांब बाहेर. पाय जमिनीवर. खिडकी. गादी. किल्ली – तिचा काय उपयोग, रात्रीच कुणीतरी बाहेरून कडी घातलीय.

घाबरलेली नाही. त्याचीच किळस येते.

खाली खाकरणं थांबलं. जिन्यावर पावलं, गरम पाण्याची बादली आपटतेय. मावशी काल म्हणाल्या होत्या, सकाळी आधी विंचरू, मग मुळासकट काढू, पुढचा आणखी दाट येतो. तू फक्त श्वास सोडत राहा, बयो, मध्येच आत ओढलास तर –