चांदीचा दुसरा मासा

अण्णा, तुम्हाला जाऊन तेरा वर्षं झाली आणि मी आज लिहायला बसलोय. उशीर झाला, रागावू नका. चौथीतून शाळा सोडून तुमच्या कारखान्यात चांदीची तार ओढायला लागलो, त्यानंतर लिहिण्याचं काम कधी पडलंच नाही. आजही पडलं नसतं. पण दुपारचे चार वाजलेत. माझा थोरला, तुमचा नातू, सकाळीच मालवणात भाड्याची बोट करून मित्रांबरोबर सुरमई धरायला समुद्रात गेलाय. बारापर्यंत किनाऱ्याला येऊन फोन करतो म्हणाला होता, फोन आलेला नाही. आपण लावला की एक बाई सांगते, संपर्क क्षेत्राच्या बाहेर. सूनबाई म्हणते, "आबा, समुद्रात रेंज नसतीया. च्या घ्या की, गार हुतोय." तिनं कालवणाचा मसाला वाटून ठेवलाय.

तुम्ही जायच्या आदल्या वर्षी आपण दोघं अशाच बोटीवर होतो. पैंजणाच्या उरलेल्या चांदीच्या पत्र्यातून तुम्ही बोटाएवढे दोन मासे घडवले होते, खवल्यांसकट. बोटीमागं दोरी सोडायची, तिच्या टोकाच्या गळावर हा मासा चमकत राहील आणि सुरमई झडप घालेल, असा तुमचा बेत. बोट चालवणारा तांडेल हसला. "चांदीचो कित्याक? हंय पत्र्याच्या तुकड्याक पण सुरमय गावता." तुम्ही म्हणालात, "आमी हुपरीची माणसं हाय. मरायचंच हाय तर चांदी चावून मरू दे की तिला." मग त्यानं माझ्याकडं बघून सांगितलं, "दोरी हाताक गुंडाळू नुको. मासो तुका घेवन जातलो." मी मान हलवली. अण्णा, मी खरंच ऐकलं होतं. पण तार बारीक करायला लोखंडी पट्टीच्या भोकातून ओढताना ती निसटायला लागली की हाताला फडकं बांधून तारेचे दोन वेढे घ्यायचे, हे तुम्हीच शिकवलेलं. पस्तीस वर्षं रोज तेच करत होतो. दोरीला हिसका बसतो आणि माझा हात आपोआप दोन वेढे घेतो. मला कळतसुद्धा नाही.

पुढचं अजून डोळे मिटले की दिसतं. दोरी बोटांत रुतते. मी फळीवर आपटतो, छाती बोटीच्या काठावर येते आणि तोंडाखाली नुसतं हिरवं पाणी. तांडेल इंजिन बंद करायला धावतोय, आणि तुम्ही खिशातली तार कापायची कातर काढून दोरी तोडता. ती कातर तुम्ही देवळात जातानासुद्धा खिशात ठेवायचात, म्हणून मी आज आहे. मासा गेला, सुरमई गेली. तुम्ही एवढंच म्हणालात, "बघू हात." आणि मग, "गाढवा, त्यो कारखाना न्हवं, समुद्र हाय." घरी मात्र तुम्हीच सगळ्यांना सांगितलंत, तारेनं बोटं कापली म्हणून. लोकांनी मला हसू नये म्हणून. महिन्याभरानं दुसरा मासा माझ्या हातावर ठेवलात. "परत जाऊ," म्हणालात. मी हो म्हटलं. मला जायचं नव्हतं, अण्णा. नंतर तुम्ही आजारी पडलात, तेव्हा वाईट वाटलं आणि त्याच वाईटात मनातून सुटल्यासारखंही वाटलं.

तो मासा काल थोरल्यानं मित्रांसमोरच देव्हाऱ्याच्या खणातल्या डबीतून काढला. "आबा, अण्णांचा मासा न्हेऊ का? बघू तरी, सुरमई भुलतीया का." मी म्हटलं, "सांभाळून जा." एवढंच. तोही तार ओढतो. आता मशीन आहे, तरी तार अडकली की तोही हाताला दोन वेढे घेतो. ते त्याला मी शिकवलंय. दोरी गुंडाळू नको, एवढं एक वाक्य होतं. तोंडाशी आलं होतं. पण मग बोटांवरच्या व्रणांचं खरं सांगावं लागलं असतं, आणि साठी उलटलेल्या बापाला पोराच्या मित्रांसमोर त्याची लाज वाटली. तांडेल सांगेल, असं मी मनाला समजावलं. मलाही तांडेलानं सांगितलंच होतं.

पाच वाजायला आले. सूनबाई आता सारखी दारापर्यंत जाऊन येते. हे पत्र कुठं टाकायचं मला ठाऊक नाही, मासा ठेवायच्या डबीत घालीन, ती रिकामीच आहे. तुम्ही थोरल्याला पाहिलंय, पण त्याचे केस आता पिकलेत, चटकन ओळखणार नाही. त्याच्या हाताला दोरी गुंडाळलेली असेल आणि टोकाला तुमचा मासा असेल. असं कोणी आज तुमच्याकडं आलेलं नाही, एवढंच लवकर कळवा.