शेजारणीच्या नावाचा गुलाब

१२ जून

चि. धाकटीस अ. उ. आ.

तुझ्या पार्सलातल्या गुलाबाची हकीकत वाचली. हसावं की रडावं कळेना. पानामागे पिठ्या ढेकूण, मुळं पिशवीतच गोल गोल गुंडाळलेली, आणि तू भुललीस कशाला, तर कुठल्याशा जाहिरातीतल्या कळ्यांना! अगं, रोपवाटिकावाल्याची बहीण ना तू? रोप घेताना फूल बघत नाहीत; पान उलटतात, मुळं बघतात. ज्या शहाण्याने हे खोक्यात भरलं, त्याला झारीलासुद्धा हात लावू देऊ नये.

इकडे आमच्या चिरंजीवांना रोपवाटिकेच्या किल्ल्या हव्यात. म्हणतो, बाबा, आता आराम करा. याला मावा आणि धूळ यातला फरक कळत नाही, आणि निघाला मालक व्हायला! त्याच्या हाती धंदा दिला तर आपलीही पार्सलं अशीच जातील. दुसरीकडे नोकरी शोध, असं कालच सुनावलं. गेला तर जाऊ दे.

मेहुण्यांना नमस्कार कळव. तुला आशीर्वाद आहेतच.

तुझा,
दादा

१९ जून

ती. दादास शि. सा. न. वि. वि.

आधी नाव लिहायला लाजले, आता लिहिते. ते खोकं तुझ्याच रोपवाटिकेतलं आहे. तुझ्याकडे मागितलं की फुकट देतोस आणि मग येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवत बसतोस, म्हणून शेजारणीच्या नावाने मागवलं. कळ्यांना नाही, भावाच्या नावाला भुलले.

पण म्हणून पोरावर तोंडसुख घेऊ नकोस. आईच्या पोटातून कुणी शिकून येत नाही. तो खरंच निघून गेला, तर म्हातारपणी खताच्या गोण्या कोण उचलणार, तुझा तोरा?

राग मानू नये, लोभ ठेवावा.

तुझी,
धाकटी

२६ जून

चि. धाकटीस अ. उ. आ.

ते पार्सल मला आठवतंय. पोराने नाही, मीच भरलं होतं. एकेक पान उलटून पाहिलं, आणि मला सगळं हिरवंगार दिसलं.

परवा मी निवडलेली काही रोपं पोराने शेडमागे लपवलेली सापडली. सगळी किडकी. कित्येक महिने माझी खोकी गुपचूप उघडून रोपं बदलतोय म्हणे. तुझं तेवढं त्याच्या हातून निसटलं. मी चारचौघांत त्याची अक्कल काढत होतो आणि हा मूर्ख एका शब्दाने बोलला नाही. फार लाज वाटली गं.

किल्ल्या दिल्या. गाढवाने पहिलं काम काय केलं असेल, तर मला पॅकिंगच्या टेबलावरून उठवलं. बरोबर केलं.

रोपाबरोबर भावावरचा लोभ फेकून देऊ नकोस.

तुझा,
दादा